गौरीअक्कांचा करंज

पृथ्वीचं रक्षण करण्याच्या महान कार्याला कुंभकोणमात आमच्या गच्चीवरून आरंभ झाला. हे वाक्य माझं नाही. आमच्या रस्त्यावरच्या लोकांनी काढलेल्या सौरशक्ती संघाच्या बोर्डावर ते तमिळ, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत रंगवलेलं होतं. त्या रस्त्यावर मराठी माणसं चारच होती: बाबा, आई, मी आणि शेजारच्या गौरीअक्का. त्यांतही देवनागरी न अडखळता वाचता येणारे एकटे बाबा. त्यामुळे मराठीतलं वाक्य बाबांनी रचलं, बाबांनी रंगवून घेतलं आणि पुढे वाचलंही मुख्यतः बाबांनीच.

ती करंट जाण्याची वर्षं होती. तुमच्याकडे लाइट जाते, आमच्याकडे करंट जातो, आणि त्या वर्षांत तो गेला की अर्धा दिवस तोंड दाखवत नसे. जाण्याच्या वेळा पेपरात छापून येत, पण करंट पेपर वाचत नसावा. पंखा थांबताना आधी त्याचा टकटक आवाज लांबत जाई, मग शेवटचं पातं डोक्यावर येऊन स्तब्ध उभं राही, आणि मग रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घराघरातून ‘अय्यो’ ऐकू येई. आमच्या घरातला ‘अय्यो’ आईचा, आणि तो बहुधा स्वयंपाकघरातून, कारण तिचा ग्राइंडर नेमका उडीद अर्धे वाटून झाल्यावर थांबायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही इडलीपेक्षा जाडाभरडा डोसाच जास्त खाल्ला. वर डांगर पच्चडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ कालवलेलं दही, हिंगाची फोडणी देऊन. बाबा पहिला घास घेऊन म्हणत, "आज पीठ अंमळ जाड राहिलें वाटतें." आई म्हणे, "वीजमंडळास पत्र लिहा."

करंट दुपारी गेला की सगळा रस्ता गौरीअक्कांकडे जाई. त्यांच्या घरी नव्हे, घराला लागून असलेल्या झाडाकडे. करंजाचं होतं ते, तमिळमध्ये पुंगै म्हणतात. आमच्या घराच्या पश्चिमेला, दोन घरांच्या मधल्या बोळात, विहिरीच्या कडेला आपणहून उगवलेलं. कोणी लावलं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या नावानं ओळखलं जायचं कारण नव्हतं. पण खालचा पाचोळा रोज पहाटे गौरीअक्का झाडत, म्हणून ते त्यांचं. करंजाखालच्या गारव्याचं शास्त्रीय कारण मला अजून माहीत नाही. पण बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना त्याखाली बसलेल्या बायका पदर अंगावर ओढून घेत, हे मी पाहिलेलं आहे. ताडाच्या पानांचे पंखे घेऊन सगळ्या येत. कोणी चिंच निवडी, कोणी पालेभाजी. रंगराजन मामा, म्हणजे समोरच्या घरातले कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, खुर्ची घेऊन येत आणि तिच्यात झोपत. चैत्रात वरून करंजाची फुलं पडत राहत, जमिनीवर कोणी चुरमुरे सांडल्यासारखी, आणि गौरीअक्का म्हणत, "पाहा, उद्यांचें काम पडतें आहे."

गौरीअक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहत. मुलगा कोइम्बतूरला. आमचं त्यांचं काहीतरी लांबचं नातं होतं, पण ते जोडून दाखवायला बाबांना पंधरा मिनिटं लागत आणि तोवर ऐकणारा उठून जाई. त्या बाबांना नावानं हाक मारत, ‘माधवा’ अशी, आणि मोठ्या भांड्यात ताक घेऊन करंजाखाली येत. ताकात कढीपत्ता, आलं, मीठ. त्या झाडाबद्दल मी त्यांच्या तोंडून चांगला शब्द कधी ऐकला नाही. पानं फार गाळतं, मुंग्या फार, मुळं विहिरीत शिरणार एक दिवस.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. पण स्वतःच्या मनात ते तंजावरच्या दरबारातून निवृत्त झाले होते. आमचे कोणी पूर्वज दरबारात होते, त्याचा उल्लेख बाबा रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलतानाही करू शकत. आई हे सगळं मान्य करून फक्त एवढंच म्हणे, "होते खरे. दिवट्यांना तेल घालण्याच्या खात्यांत होते." बाबा रोज सकाळी ओल्या पंच्यानं देवापुढे बसून मोठ्यानं संकल्प म्हणत: कोणतं युग, कोणता द्वीप, कोणतं संवत्सर, कोणतं अयन, कोणता ऋतू. पूजा सुरू करण्यापूर्वी माणसानं आपला पूर्ण पत्ता देवाला सांगावा, तसा तो प्रकार. पोस्टातल्या माणसाला तो विशेष जवळचा वाटत असावा. मी आतल्या खोलीत अभ्यास करताना तो रोज ऐकत असे आणि मनातल्या मनात त्यांच्या आवाजाची नक्कल करत असे. सतराव्या वर्षी मला बाबांच्या बऱ्याच गोष्टींची लाज वाटायची. ती लाज साधी होती. वयाबरोबर गेलीही असती.

संघाची कल्पना करंजाखालीच निघाली. कोणाच्या तरी जावयानं चेन्नईत गच्चीवर सौर पॅनेलं बसवली होती. बाबांनी कुठे कुठे वाचून काढलं आणि एका दुपारी उभं राहून भाषणच केलं. काय म्हणाले ते मला नीट आठवतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं, आणि पुढची सगळी अडचण तीच झाली. कावेरीत पाणी यायच्या दिवसांत वाळू दिसते, पाऊस यायचा तेव्हा येत नाही आणि आला की सगळा एकदम येतो, उन्हाळा लांबत चालला आहे, आणि आपण कोळसा जाळून पंखे फिरवून म्हणतो आहोत की उकडतं फार. रंगराजन मामा जागे झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ घरांनी वर्गणी काढायचं ठरवलं. सर्वांत मोठी मोकळी गच्ची आमची, म्हणून पॅनेलं आमच्याकडे. बॅटऱ्या आमच्या जिन्याखाली. तिथून वायर आठ घरांना. करंट नसताना प्रत्येक घरात एक पंखा आणि एक दिवा. बाबा अध्यक्ष, रंगराजन मामा सचिव. गौरीअक्कांनी वर्गणी सगळ्यांच्या आधी दिली आणि विचारलं, "पंखा नको, दिवा पुरे असें चालेल काय?" चालणार नव्हतं, नियम सर्वांना सारखा होता.

शेकर नावाच्या इलेक्ट्रिशियननं पॅनेलं बसवली. शेकर चांगला मुलगा होता, आणि समोरचा माणूस जे म्हणेल त्याला ‘आमा सार’ म्हणायची त्याला सवय होती. आमा म्हणजे होय. बाबा म्हणाले, पॅनेलं रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेच्या कठड्याला लागून हवीत, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील. आमा सार. ऐन उन्हाळ्यात चाचणी झाली. दुपारी करंट गेला, पंखा टकटक करत थांबायला लागला, आणि शेकरनं खटका ओढताच पुन्हा गरगरू लागला. आईनं स्वयंपाकघरातून तोंडात आलेला ‘अय्यो’ गिळला. मी एवढंच सांगते की त्या क्षणी मला बाबांची लाज वाटत नव्हती. रस्त्यावरून एकही ‘अय्यो’ आला नाही, आणि त्या शांततेत बाबा ओसरीवर असे उभे होते की वारा त्यांनीच सोडला आहे.

करंजाखाली मात्र त्या दिवसापासून गर्दी कमी झाली. आपापल्या घरात आपापला पंखा असताना चिंच निवडायला बाहेर कोण येणार? रंगराजन मामा आपल्या पलंगावर झोपू लागले. गौरीअक्का ताक घेऊन बसत. पुढे भांडं लहान झालं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं असं लिहायला मला आवडलं असतं.

उद्‌घाटनासाठी आडी महिना, म्हणजे तुमच्याकडचे जुलै-ऑगस्टचे दिवस, संपायची वाट पाहावी लागली, कारण त्या महिन्यात आमच्याकडे शुभकार्य करत नाहीत, मग ते पृथ्वीचं रक्षण का असेना. तोवर बाबांच्या डोक्यात बोर्ड आला. पॅनेलं खालून नीट दिसत नव्हती, हे त्यांचं खरं दुःख होतं. बोर्ड लोखंडी चौकटीचा, दक्षिणेच्या कठड्यावर, पॅनेलांच्या बरोबर पुढे, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आधी तो लहान होता. मग वर्गणीदारांची नावं आली, मग प्रमुख पाहुण्यांचं नाव आणि त्यांच्या तीन पदव्या, मग तीन भाषांतलं ते वाक्य, आणि वरच्या बाजूला कमानीत उगवता सूर्य आणि एक हिरवं झाड. अध्यक्षांचं नाव इतरांपेक्षा मोठं होतं. नाव दोन बोटं लहान केलं तरी चालेल असं बाबांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं, पण बोर्ड चढवून झाल्यावर. बोर्ड उभा राहिला तेव्हा त्याची उंची माणसापेक्षा बरीच जास्त होती. आई खाली रस्त्यावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान. आता घर शोधायला पत्ता नको."

उद्‌घाटनाला एक निवृत्त न्यायाधीश आले. नाचियार्कोविलहून माणसाएवढी पितळी समई आणली होती, तिची वात वाऱ्यानं पाचदा विझली. वेळ नेमकी करंट जाण्याची होती, आणि माइक, रोषणाई, पाहुण्यांसाठी चार पंखे एवढं आमच्या बॅटऱ्यांना झेपणार नव्हतं. म्हणून डिझेलचा जनरेटर भाड्यानं आणला होता. त्याचा धूर करंजाच्या फांद्यांत शिरत होता आणि न्यायाधीश स्वच्छ हवेबद्दल बोलत होते. मी गुलाबपाणी शिंपडत उभी होते. माझ्या वर्गातल्या दोन मुली आल्या होत्या. मी त्यांच्यावर जरा जास्तच शिंपडलं, म्हणजे त्या डोळे मिटतील.

मग पाऊस आला. आमच्याकडे मोठा पाऊस दिवाळीच्या पुढेमागे येतो. बॅटऱ्या भरेनात, पंखे तासाभरात मंदावू लागले. ढग आहेत, सगळे म्हणाले, आणि ते बरोबर होतं. पण मार्गळी लागला, म्हणजे तुमच्याकडचे डिसेंबर-जानेवारीचे दिवस, आकाश निळंशार झालं, पहाटे देवळातून भजनं ऐकू येऊ लागली, आणि तरी बॅटऱ्या रिकाम्याच. आता पंख्याची गरज तितकी नव्हती, पण दिव्याची होती. आठांपैकी चार घरांत परीक्षेची मुलं होती. संध्याकाळी दिवा लागे, पिवळा पडे आणि विझे. रस्त्यावर ‘अय्यो’ परत आले, आणि आता ते वीजमंडळाच्या नावानं नव्हते. एक दिवस कोपऱ्यावरच्या घरातून स्पष्ट ऐकू आलं, "बोर्ड तेवढा चकाचक!"

बाबांना ते लागलं. त्या संध्याकाळी चारसाडेचारला ते रंगराजन मामांना आणि शेकरला घेऊन गच्चीवर गेले. मी कॉफीचे पेले घेऊन मागे गेले. गच्चीवर आम्ही नेहमी याच वेळी जात असू, सगळं गावच जातं; दुपारी तिथे पाय ठेवता येत नाही, आणि दुपारी माणसं जेवून आडवी झालेली असतात. सूर्य पश्चिमेला कलला होता. करंजाची सावली गच्चीच्या फरशीवरून लांब होत होत पॅनेलांच्या टोकापर्यंत आलेली होती.

रंगराजन मामा पेला खाली ठेवून म्हणाले, "हे काय! उत्तर तर समोरच पडलंय."

बाबांनी शेकरला विचारलं, "सावली पडली तर वीज कमी होते?"

"आमा सार."

"थोडी सावली पडली तरी?"

"आमा सार. एका पॅनेलवर पडली तरी पूर्ण ओळीची कमी होते."

शेकर खरं बोलत होता. तिघेही त्या सावलीकडे पाहत राहिले, आणि मीही पाहिलं. पाहण्यासारखी होती ती. पानापानांची, हलणारी.

मी आता पुण्यात राहते. आमच्या सोसायटीत सौर पॅनेलांची चर्चा निघाली की मी हात वर करून विचारते, सावली किती वाजता पाहिली? लोकांना वाटतं बाई उगाच खोड काढतात. मी कारण सांगत नाही.

झाड तोडण्याचा ठराव एकमतानं झाला. गौरीअक्का सभेला नव्हत्या. त्या सभांना येत नसत. बाबा आणि रंगराजन मामा त्यांच्याकडे गेले, आणि वातावरण घरगुती राहावं म्हणून बाबांनी मला बरोबर घेतलं. बाबा बराच वेळ सार्वजनिक हिताबद्दल बोलले. हवामानाबद्दल बोलले. एक झाड आणि संपूर्ण पृथ्वी असं काहीतरी वजन करून दाखवलं. गौरीअक्का तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, बसून शेंगा सोलत होत्या.

"पोरांस दिवा मिळत नाहीं, असें?" त्यांनी विचारलं.

"होय अक्का."

"हिलाही?" माझ्याकडे पाहून.

बाबा म्हणाले, "हिलाही."

"मग काढा. मलाही रोजचें झाडणें सुटेल."

रंगराजन मामा रस्त्यावर येऊन म्हणाले, किती समजूतदार बाई. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. आई पोळी तव्यावर टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलेंत कीं सांगितलेंत?" ती पोळी जळली.

तोडणारे आले त्या दिवशी करंट नव्हता, म्हणून विजेची करवत चालेना. संघाच्या बॅटरीवर चालवून पाहू, असं कोणीतरी सुचवलं. शेकरनं बॅटऱ्या पाहिल्या आणि तेवढी वीज नाही म्हणाला. मग कुऱ्हाडींनी तोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत. मी आत रसायनशास्त्र वाचत होते, आणि प्रत्येक घावाला विहिरीवरच्या रहाटाची साखळी किणकिणत होती. मधल्या सुट्टीत तोडणाऱ्यांना गौरीअक्कांनी ताक दिलं. मोठं भांडं काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी खराट्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. बोळात झाडण्यासारखं काही नव्हतं, लाकडाच्या ढलप्यासुद्धा तोडणारे गोळा करून घेऊन गेले होते. गौरीअक्का कोरडी जमीन झाडत होत्या, विहिरीपासून फाटकापर्यंत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आई पहाटे रेडिओ लावू लागली.

बॅटऱ्या भरल्या नाहीत. आठवडा गेला. बाबा म्हणत, बॅटऱ्यांना सवय लागायला वेळ लागतो. शेकर म्हणे, आमा सार.

मग आजोबांचं श्राद्ध आलं. श्राद्धाच्या दिवशी आमच्या घराचं सगळं वेळापत्रक उलटं होतं. सकाळपासून कोणी काही खात नाही, घरभर तिळाचा आणि तुपाचा वास, आई सोवळ्यात वडे तळते, खीर ढवळते, आणि विधी भर दुपारी येतो. भटजींनी संकल्प सांगितला आणि बाबा मागोमाग म्हणत गेले, दक्षिणायने, हेमंत ऋतौ, नेहमीच्या खणखणीत आवाजात, जणू सूर्याला तिकडे बाबांनीच पाठवलं आहे. मग पानावर कावळ्यासाठी भात, वडा, खीर वाढली. कावळ्यानं खाल्ल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, आणि कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं. पाण्याचं भांडं घेऊन मी बाबांच्या मागे जिना चढले.

वर्षातून एकदाच आमच्या घरातलं कोणी त्या वेळेला गच्चीवर जात असे. फरशी तापलेली होती, मी टाचांवर चालत होते. बाबांनी पान ठेवलं, पाणी फिरवलं, आणि ‘का, का’ अशी हाक घातली. कावळा लगेच आला. तो येऊन बोर्डाच्या कमानीवर, हिरव्या झाडाच्या शेंड्यावर बसला. आणि त्याची सावली पॅनेलावर पडली.

आधी मला फक्त कावळ्याची सावली दिसली, कारण ती हलत होती. मग तो ज्यावर बसला होता त्याची दिसली. कमान, चौकट, नावांचा तो सगळा आडवा उभा पत्रा. पॅनेलांची अख्खी ओळ त्या सावलीत मान खाली घालून बसली होती. भर दुपारी, निळ्या आकाशाखाली. गच्चीचा उरलेला सगळा भाग उन्हानं पांढरा झालेला होता, पश्चिमेची बाजूसुद्धा, जिथे आता कसलीच सावली नव्हती.

बाबांनी हाक मारणं थांबवलं. वर पाहिलं, सूर्याकडे, हातानं डोळ्यांवर आडोसा करून. सूर्य दक्षिणेला होता. उन्हाळ्यात पॅनेलं बसवली तेव्हा तो डोक्यावर होता, बोर्ड लावला तेव्हाही डोक्यावरच, आणि तेव्हापासून तो दर दिवशी थोडा थोडा दक्षिणेला सरकत होता, आणि बाबा रोज सकाळी ओल्या पंच्यानं ते देवाला सांगत होते.

"दक्षिणायन," ते म्हणाले. मला नव्हे.

कावळा खाली उतरून वडा घेऊन गेला. विधी पूर्ण झाला होता, आता खाली जाऊन जेवायला हरकत नव्हती. बाबा तिथेच उभे राहिले. मला त्यांची लाज वाटली, पण ती जुनी, वर्गातल्या मुलींसमोरची लाज नव्हती. ती वाटून घेता येण्यासारखी लाज होती, आणि आमच्या घराच्या वाट्याला ती पुरून उरणार होती. खाली मी दोन वडे खाल्ले. भूक लागलेली होती. तेही मला विसरता येत नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल." या वेळी वातावरण घरगुती राहावं म्हणून नव्हे; एकट्यानं जायचा धीर नव्हता. गौरीअक्का तिण्णैवर बसल्या होत्या. आमच्या भिंतीवरून परतलेलं ऊन बोळ ओलांडून त्यांच्या पायांवर पडलं होतं. इतक्या वर्षांत त्या जागी संध्याकाळचं ऊन मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय जवळ घेतले आणि बाबांना बसायला जागा केली. बाबा बसले नाहीत.

"अक्का, एक सांगायचें आहे. सावली झाडाची नव्हती."

"मग?"

"बोर्डाची."

"कोणच्या बोर्डाची?"

"माझ्या." बाबा सहसा ‘संघाच्या’ म्हणत. "चूक माझी. झाड उगाच गेलें."

गौरीअक्का बोर्डाकडे पाहायला वळल्या. त्यांचं घर रस्त्यापासून थोडं आत, म्हणून तिथून त्याची मागची बाजू दिसत होती, न रंगवलेली. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलाव्यात असंही वाटलं. ओरडल्या असत्या तर आम्हाला खाली मान घालून घरी जाता आलं असतं.

"जेवलास काय?" त्यांनी विचारलं. "आज अप्पांचें श्राद्ध ना?"

"अक्का, आपण दुसरें झाड लावूं. करंजाचेंच. उद्यांच लावतों, मी स्वतः पाणी घालीन."

"नको रे माधवा," त्या म्हणाल्या. "मोठें झालें कीं सावली पडेल."

त्या आवाजात टोमणा होता का, हे मी तेव्हापासून शोधते आहे. मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकला आहे. मला तो सापडला नाही. शाळेत मुलींना उसवलेली शिवण दाखवताना त्या जशा बोलत तशा बोलल्या होत्या, कुठे काय झालं ते सांगावं म्हणून.

संघाची सभा आमच्या ओसरीवर झाली. बाबांनी उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि सावलीची जबाबदारी अध्यक्षांची आहे असं म्हणाले. त्यांच्या सगळ्या भाषणांत ते एकच लहान होतं. बोर्ड काढून टाकावा असा प्रस्ताव त्यांनी मांडला. आई दाराआड उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

कोणी अनुमोदन दिलं नाही. रंगराजन मामा म्हणाले की माधव राव फार मोठ्या मनाचे आहेत, पण बोर्डावर न्यायाधीशांचं नाव आहे, आणि न्यायाधीशांचं नाव उतरवणं बरं दिसणार नाही. कोपऱ्यावरच्या घरातले, जे ‘बोर्ड तेवढा चकाचक’ म्हणाले होते, त्यांनी आपलंही नाव त्यावर आहे याची आठवण दिली. त्यांच्या सुनेच्या माहेरच्यांनी त्याचा फोटो काढून नेला होता. आणखी कोणी म्हणालं, झालेल्या गोष्टीला आता इलाज काय. बाबा पुन्हा एकदा म्हणाले, किमान माझं नाव तरी पुसा. सगळ्यांनी त्यांना विनयाबद्दल हसून गप्प केलं. मग बोर्डाऐवजी पॅनेलं हलवावीत, असा ठराव आला, आणि तो एकमतानं झाला. बाबांनीही हात वर केला. मी पाहिलं, कोपरापर्यंतच.

संक्रांतीनंतर शेकर आला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोर्डाची सावली जिथे पोहोचत नाही आणि जिन्याची खोलीही आड येत नाही अशी जागा गच्चीवर एकच होती, पश्चिमेची. त्यानं दिवसभर खपून पॅनेलं तिकडे नेली, चौकटी पक्क्या केल्या, आणि संध्याकाळी चारसाडेचारला आम्हाला वर बोलावलं. पॅनेलांवर शेवटपर्यंत ऊन होतं. बाबांनी विचारलं, आता ठीक? शेकर प्रथमच ‘आमा सार’च्या पुढे काही बोलला. म्हणाला, झाड तोडलं ते बरं झालं सार, नाहीतर इथे सावली आली असती.

बॅटऱ्या त्या दिवसापासून पूर्ण भरू लागल्या.